मागच्या पायरीवरचं ताट

झाशी,
२ मे १९६३

चि. प्रमोदिनीस गजाननकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, पाणी प्यायलो, पुन्हा वाचलं. मग तुझ्या शारदाकाकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उन्हात बसून वाचू नका, डोकं तापेल." तिला म्हटलं, बाई, डोकं उन्हानं नाही तापलं, पुण्यानं तापवलंय.

तुम्ही मंडळी आपल्या धामणकरांचा कुलवृत्तांत छापताय, याचा मला आनंदच आहे. झाशीच्या शाखेची पन्नास-पंचावन्न नावं मीच गोळा करून दिली. त्यासाठी किती जणांच्या ओसऱ्या झिजवल्या ते माझं मला माहीत. आता कच्ची वंशावळ तयार झाली, ती इथल्या मंडळाच्या भिंतीवर लागली, आणि ती बघून कुणी बकुळ नीलकंठ नावाच्या ख्रिस्ती बाईंनी तुम्हाला पत्र घातलं, की 'नीलकंठ विश्वनाथ धामणकर हे माझे आजोबा. त्यांच्यापुढे "अविवाहित, निवर्तले" असं छापू नका. त्यांना बायको होती, मुलगा होता, आणि मी त्या मुलाची मुलगी, इथंच झाशीत, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स.' आणि तू मला सांगतेस की काका, जरा चर्चच्या जुन्या वह्या बघून या!

अगं, मेलेला माणूस चर्चमध्ये जातो कसा? नीलकंठ म्हणजे माझ्या आजोबांचा, यशवंतरावांचा, सगळ्यांत धाकटा भाऊ. शके १८१३, श्रावण वद्य षष्ठी. पटकीच्या साथीत गेला, बाविसाव्या वर्षी. दर साल त्या तिथीला त्याचं श्राद्ध होतं. आजोबांनी केलं, वडिलांनी केलं, आता मी करतो. पणजीनं, म्हणजे त्याच्या आईनं, अनुसूयाबाईंनी घालून दिलेली रीतही आम्ही मोडलेली नाही. त्या दिवशी एक पितळी ताट पूर्ण वाढायचं, त्यात पसईचा भात आणि म्हशीचं दही वेगळं घालायचं, वर घट्ट झाकण ठेवायचं आणि मागच्या दाराच्या पायरीवर ठेवून मागं न बघता आत यायचं. कावळ्यासाठी म्हणावं, तर झाकलेल्या ताटात कावळा काय चोच मारणार? पण हुकूम पणजीचा. तुझी काकू अजून पाळते.

ज्याला घरानं सत्तर वर्षं जेवायला वाढलं, तो मेलेलाच असणार ना?

बाईंना कळव, काहीतरी घोटाळा झालाय. नाव सारखं असेल.

तुझा,
गजाननकाका

पुणे,
११ मे १९६३

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. रागावू नका. काकूंनी कैरीचं पन्हं केलं असेल, ते आधी घ्या आणि मग पुढं वाचा.

मी बकुळबाईंना तुमचा निरोप कळवला नाही. नाव सारखं असू शकतं, पण नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव, चारही सारखी? त्यांचं मराठी मोडकंतोडकं आहे, मध्ये मध्ये हिंदी येतं, पण पत्र फार सरळ आहे. त्यांनी लिहिलंय, "मला घर नको, काही नको. माझ्या बाबांच्या मागं कोणी नाही, माझ्या मागं कोणी नाही. आमचं आडनावच आजोबांचं नाव आहे. ते नाव कोणत्या झाडाचं पान होतं एवढंच कुठं तरी लिहिलेलं असावं." मी हे चारदा वाचलं.

आमचे संपादक गोविंदराव तुम्हाला माहीत आहेत. त्यांचं म्हणणं, दाखला असल्याशिवाय एक अक्षर बदलणार नाही, आणि श्रावण संपला की मजकूर छापखान्यात जाणार. एकदा छापलं की नीलकंठरावांची फांदी तिथंच संपली. पुढच्या पन्नास वर्षांत कोण नवा कुलवृत्तांत काढतंय?

तुम्ही झाशीत आहात. तुम्ही नाही तर कोण जाणार?

तुमची,
प्रमोदिनी

झाशी,
१४ जून १९६३

चि. प्रमोदिनीस आशीर्वाद.

गेलो होतो. समाधान झालं असेल तर पुढचं ऐक.

लू चालली आहे. चिमणीसुद्धा सावली सोडत नाही, आणि हा एकसष्ट वर्षांचा म्हातारा डोक्याला ओला पंचा बांधून सायकलवर निघालाय. सदर बाजारापलीकडच्या चर्चमध्ये गेलो. तिथला चौकीदार म्हणाला, "काए बाबूजी, का ढूँढ़ रए?" सांगितलं. तो हसायला लागला. म्हणे हे गोऱ्या पलटणीचं चर्च, त्या काळी देशी माणूस इथं आला असेल तर पंखा ओढायला. तुम्ही मिशनवाल्या चर्चमध्ये जा. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला! तिथं पोहोचलो तर पादरीसाहेब मऊरानीपूरला लग्न लावायला गेलेले आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. चार दिवसांनी पुन्हा गेलो. आता किल्ली होती, पण पादरी मोठ नावाच्या गावाला. माणूस आहे की भोवरा? तिसऱ्या खेपेला एकदाचे भेटले. पादरी जयसिंग. बुटके, गोल चेहऱ्याचे, भले गृहस्थ. मला खुर्ची दिली, माठाचं पाणी दिलं, आणि म्हणाले, "बाबूजी, साल बताइए, कौन-सा रजिस्टर निकालूँ?"

मी म्हटलं, १८९१ चं, मेलेल्यांचं.

रेल्वेच्या स्टोअरमध्ये मी तेहतीस वर्षं काढली. हिशेबाला हिशेब कसा ताडायचा ते मला कुणी शिकवायला नको. नीलकंठ गेला १८९१ च्या श्रावणात. तो ख्रिस्ती झाला असता तर चर्चनं त्याला पुरलं असतं, आणि पुरलं असतं तर पुरलेल्यांच्या वहीत तो सापडला असता. मी जुलै ते डिसेंबर एकेक ओळ बोट ठेवून पाहिली. पादरी वाचून सांगत होते, मीही चष्मा लावून बघत होतो. पटकीनं गेलेली लेकरं आहेत, एक कोचवान आहे, एक म्हातारी आया आहे. नीलकंठ नाही.

म्हणजे तो ख्रिस्ती होऊन मेलाच नाही. मिटलं की नाही? गोविंदरावांना सांग, 'अविवाहित, निवर्तले' ठेवा. आणि मला आता पावसापर्यंत घराबाहेर काढू नकोस. तुझ्या काकूनं माझी सायकल जिन्याला साखळीनं बांधून ठेवली आहे.

गजाननकाका

पुणे,
२३ जून १९६३

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. तुमच्या पायाला हात लावून सांगते, तुम्ही चुकीची वही बघितलीत.

तुम्ही मरणाच्या वहीत शोधलंत, कारण तुमच्या मते ते १८९१ ला मेले. बकुळबाई म्हणतात ते १८९१ ला मेलेच नाहीत! मग मेलेल्यांत सापडतील कसे? तुम्ही जे सिद्ध करायला निघालात तेच आधी धरून चाललात. स्टोअरमधल्या कुणा कारकुनानं असं केलं असतं तर तुम्ही त्याला उभा ठेवला असता.

बाप्तिस्म्याची वही बघा, काका. साल तेच. आणि १९२६ ची पुरलेल्यांची बघा. बकुळबाई म्हणतात आजोबा त्या वर्षी होळीच्या सुमाराला गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या.

आणि एक विचारते. तीन वेळा गाव ओलांडून चर्चमध्ये गेलात. त्यांच्या दारी एकदाही का गेला नाहीत? पत्ता पुन्हा खाली देते.

गोविंदराव रोज विचारतात.

प्रमोदिनी

झाशी,
९ जुलै १९६३

प्रमोदिनी,

सापडला.

रविवार, २३ ऑगस्ट १८९१. नाव नीलकंठ, बापाचं नाव विश्वनाथ, जात ब्राह्मण, वय बावीस. पादरी जयसिंगांनी ओळ वाचली आणि माझ्याकडे बघून वही माझ्यापुढे सरकवली. १९२६ चीही काढली. मार्च महिना. नीलकंठ, मिशनच्या शाळेतले मास्तर, वय सत्तावन्न.

घरी आलो आणि जोशीबुवांकडे जाऊन जुनं पंचांग काढायला लावलं. श्रावण वद्य षष्ठी कधी होती? त्या रविवारनंतरचा मंगळवार. रविवारी त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि मंगळवारी आम्ही त्याला मारला.

तुम्हा आजकालच्या मुलांना घटश्राद्ध ठाऊक नसेल. धर्म सोडून गेलेल्या माणसाचं, तो जिवंत असतानाच, श्राद्ध करायचे. पाण्यानं भरलेला घट पायानं उलथायचा, आणि म्हणायचं, तू आम्हाला मेलास. मग त्याचं नाव घ्यायचं नाही, तोंड बघायचं नाही. माझ्या आजोबांनी ते केलं. वर पटकीची गोष्ट रचली, आणि ती माझ्या वडिलांना सांगितली, आणि मला सांगितली. आम्ही सोवळं नेसून, दक्षिणा देऊन, एका जिवंत माणसाला पिंड देत बसलो! १९२६ पर्यंत तो याच गावात पोरांना शिकवत होता. मी त्याला बाजारात पाहिलाही असेन. माझी सायकल कधी त्याच्या धोतराला लागलीही असेल.

कुणावर चिडू तेच कळत नाही. त्याच्यावर चिडतो. एवढ्या देवांनी भरलेल्या घरात त्याला काय कमी पडलं? आजोबांवर चिडतो. पण सगळ्यांत जास्त पणजीवर. ती आई होती ना? पोटचं पोर पलीकडच्या मोहल्ल्यात चालतंबोलतं आहे, आणि ही त्याच्या मरणाचं ताट वाढते? आणि आम्हालाही वाढायला लावते, पिढ्यान्‌पिढ्या? मला ती आठवते. मी दहा वर्षांचा असताना गेली. मागच्या दाराशी, दाराकडे पाठ करून बसायची, आणि ओरडायची, "गजा, मागं वळून बघू नको!" मला वाटायचं पितर दिसतील म्हणून.

तुझी काकू म्हणते जेवा. मला जेवण जात नाही.

आता माझं म्हणणं ऐक. छापू नका. काहीच छापू नका. 'निवर्तले' खोटं आहे, ते काढा. पण खरंही लिहू नका. जागा कोरी ठेवा. सख्ख्या आईनं ज्याला मेला म्हटलं त्याला जिवंत करणारा मी कोण? घरची लाज पुण्याच्या छापखान्यात कशाला धुवायची?

त्या बाईंकडे मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ?

गजानन

पुणे,
२० जुलै १९६३

तीर्थरूप काका,

तुमच्या म्हणण्याप्रमाणे गोविंदरावांना सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "घटश्राद्ध झालं म्हणजे नातं तुटलंच. कोरी जागा हाच शहाणपणा." मला त्यांच्या खुशीनं कसंसंच झालं.

बकुळबाईंना मी खरं ते कळवलं, की वहीत नाव मिळालं आहे, पण घरच्यांची छापायची इच्छा नाही. त्यांचं उत्तर आलं. एवढंच लिहिलंय, "ठीक आहे जी. मोठ्यांना जे योग्य वाटेल. फक्त एक विचारून सांगाल का? त्या घरी अजून त्या दिवशी मागच्या पायरीवर झाकलेलं ताट ठेवतात का?"

काका, ताटाचं तुम्ही मला पहिल्या पत्रात लिहिलं होतंत. मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. गोविंदरावांनासुद्धा नाही.

मग त्यांना कसं ठाऊक?

प्रमोदिनी

झाशी,
१२ ऑगस्ट १९६३

चि. प्रमोदिनीस काका-काकूंचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात चहा पीत होतो. शेवटची ओळ वाचली आणि बशी हातातून सुटली. शारदा धावत आली. तिनं पत्र घेतलं, वाचलं, आणि पायरीवर बसली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही पुरुष तिथी मोजता. ताटात काय वाढलंय ते कधी बघितलं?"

मी म्हटलं, काय वाढलंय?

"पसईचा भात. म्हशीचं दही. श्राद्धाच्या पानावर हे कोण वाढतं? इकडे पौर्णिमेला महिना बदलतो, म्हणून तुमची श्रावण वद्य षष्ठी म्हणजे इथल्या बायकांची भादोंची, भाद्रपदातली, हरछठ. मोहल्ल्यातली प्रत्येक आई त्या दिवशी उपास करते. नांगरलेल्या जमिनीतलं काही खात नाही. तळ्यात आपोआप उगवलेला पसईचा भात आणि म्हशीचं दही, एवढंच. आणि तो उपास कशासाठी असतो? मुलगा जगावा म्हणून. उदंड जगावा म्हणून."

प्रमोदिनी, मी या गावात जन्मलो. एकसष्ट हरछठी पाहिल्या. शेजारच्या भाजीवाल्या काछिणीच्या अंगणात पळसाची फांदी रोवून बायका पूजा करतात, प्रसाद आमच्याही घरी येतो. आणि आमच्या मागच्या दारी तेच वाढलेलं ताट असतं, हे मला एकदाही दिसलं नाही! काखेत कळसा आणि हा शहाणा चर्चची कपाटं उघडत बसला.

मी शारदाला चिडून विचारलं, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "माहीत नव्हतं. सासूबाईंनी वाढायला शिकवलं, मी वाढत गेले. तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

त्याच संध्याकाळी बकुळबाईंकडे गेलो. साखळी तुझ्या काकूनं स्वतः सोडली. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, दारात तुळस नाही पण मोगरा आहे. पांढरी साडी, पांढरे केस, आणि प्रमोदिनी, नाक आपलं. माझ्या वडिलांचं नाक. मी दारातच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "आप गजाननभैया हैं ना? या, आत या. किती वर्षांपासून आपको दूर से देखा है."

त्यांनी सांगितलं ते तसंच लिहितो. त्यांचे आजोबा वर्षातून एकदा, भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, जुन्या घराच्या मागच्या गल्लीत जायचे. पायरीवर ताट असायचं. दारात म्हातारी आई पाठ करून बसलेली असायची. थोरल्या मुलानं तिला शपथ घातली होती, की नीलकंठाचं तोंड बघायचं नाही. तिनं शपथ मोडली नाही. नुसती बसून राहायची. आजोबा ताट उचलायचे, तिच्या पाठीला नमस्कार करायचे आणि निघायचे. घरी आणून सगळ्यांना घासघास वाटायचे. बकुळ सांगत होती, "आम्ही बच्चे विचारायचो, दादाजी, ये किसने भेजा? तर म्हणायचे, माझ्या आईनं. पणजी गेली तरी ताट येत राहिलं, भैया. आजोबा तेव्हा रडले, असं बाबा सांगायचे. म्हणाले, आई गेली, पण तिनं सांगून ठेवलंय."

मग मला आठवलं. लहानपणी दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताट नेहमी घासून, पुसून, पायरीवर पालथं ठेवलेलं मिळायचं. माझी आई हसून म्हणायची, "आमचे पितर भांडीसुद्धा घासतात." एका वर्षी मात्र झाकण गल्लीत पडलेलं, ताट कुत्र्यांनी ओढलेलं. आईनं अपशकुन म्हणून शांत करवली होती, पण त्यानंतर ताट पुन्हा कधी घासलेलं मिळालं नाही. कुठलं वर्ष म्हणशील? मी रेल्वेत कायम झालो ते. १९२६.

वहीत लिहिलेलं ते ताटानं आधीच सांगितलं होतं, आणि आम्ही भटजी बोलावले.

गोविंदरावांना मी वेगळं पत्र टाकतोय, पण तूही तोंडी सांग. कोरी जागा नको. मी म्हटलं होतं, ते मी मागं घेतो. असं छापा: 'नीलकंठ विश्वनाथ, शाळामास्तर, जन्म १८६९, ख्रिस्ती धर्म घेतला १८९१, मृत्यू १९२६, झाशी.' खाली बायकोचं नाव, मुलाचं नाव, आणि मुलाची मुलगी वगैरे म्हणून चालणार नाही, स्वच्छ लिहा, 'नात बकुळ'. सगळी नावं सोबत आहेत. गोविंदराव नाही म्हणाले तर त्यांना म्हणावं, झाशीची पंचावन्न नावं गजाननानं दिलीत, ती सगळी तो परत मागतोय. मग काढा तुमचा कुलवृत्तांत झाशीवाचून. घटश्राद्धानं नातं तुटतं म्हणे! यशवंतरावांनी घट उलथला, आणि त्यांच्याच आईनं मागच्या दारानं तो पुन्हा भरला. कुलाचा वृत्तांत लिहायला बसलात तर हा वृत्तांत नाही तर कोणता?

काल हरछठ होती. मी यंदा श्राद्ध केलं नाही. जोशीबुवांनी नाक मुरडलं. त्यांना म्हटलं, बुवा, मार्चमधली खरी तिथी काढून ठेवा, त्या दिवशी करीन. माणूस ख्रिस्ती झाला म्हणून माझ्या आजोबांचा भाऊ व्हायचा थांबतो काय? बुवा 'शास्त्रात बघावं लागेल' म्हणत गेले. बघत बसा म्हणावं.

शारदानं मात्र सगळं केलं. ताट वाढलं, पसई, दही, सगळं, आणि सवयीनं झाकण उचललं. मी म्हटलं, "कुणासाठी झाकतेस? जेवणारी आली आहे." बकुळ पुढच्या दारानं आली होती. स्वयंपाकघरात पाट मांडला. ती बसली, पण घास घेईना. ताटाकडे बघत म्हणाली, "वहिनी, इतकं गरम कधी खाल्लं नव्हतं. आमच्यापर्यंत यायचं तोवर थंड व्हायचं." शारदा पदर तोंडाला लावून आत गेली. मी काहीतरी बोलायचं म्हणून दह्याला नावं ठेवली, की आंबट आहे, त्या गवळ्याला सांगितलं पाहिजे. बकुळ हसली आणि जेवली. पान स्वच्छ केलं.

ती गेल्यावर तुझी काकू भांडी आवरायला लागली तर पितळी ताट सापडेना. मोरीवर नाही, चुलीपाशी नाही. माझ्यावर खेकसली, "कुठं ठेवलंत?" मी म्हटलं, मी कशाला ठेवतोय?

मग मागचं दार उघडलं. पायरीवर होतं. घासलेलं, पुसलेलं, पालथं.

तुझा,
गजाननकाका